फेऱ्यांचे गणित

गोंदिया म्हटले की भाताच्या गिरण्या आठवतात. गिरणीत पाऊल टाकताच प्रथम नजरेत भरते ते फिरते चाक. ते किती वेगाने फिरते, हा प्रश्न साधा खरा. परंतु त्याचे उत्तर मोजण्याची मापे इतिहासाने एकाहून अधिक दिली आहेत, आणि प्रत्येक मापामागे निराळी गरज आहे.

पहिली गरज ज्योतिषाची. इ. स. 499 मधील 'आर्यभटीय' ग्रंथात आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मानून, 43,20,000 वर्षांच्या युगात तिचे 1,58,22,37,500 फेरे सांगितले. वर्तुळाच्या कला 21,600 आणि अहोरात्राचे प्राणही 21,600. म्हणजे एका प्राणात एक कला. आकाशाच्या संथ गतीला हे माप शोभून दिसते.

दुसरी गरज कारागिराची. जाते ओढणाऱ्या बाईला फेरे मोजावे लागत नसत. तिचा हातच मोजमाप होता. वाफेचे एंजिन आले आणि चाकावरचा हात सुटला. 1788 मध्ये जेम्स वॉटने एंजिनाचा वेग आवरण्यास फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसविला. यंत्रशाळेत 'मिनिटाला फेरे' हे माप रूढ झाले, ते आजही मोटारीच्या पाटीवर असते.

तिसरी गरज पदार्थविज्ञानाची. त्रिज्येएवढा कंस केंद्रापाशी जो कोन करतो, तो रेडियन. हे नाव 1873 मध्ये बेलफास्टच्या जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत छापले गेले. सेकंदाचे रेडियन त्रिज्येने गुणले की कडेचा वेग हाती येतो, ही त्याची थोरवी.

आता ही मापे एकमेकांत बदलून पाहू. समजा, मोटार मिनिटाला 1440 फेरे घेते, तिची पुली 15 सेंटिमीटर व्यासाची, यंत्राची 36 सेंटिमीटरची. पट्टा दोन्हींवर सारख्याच वेगाने धावतो. म्हणून 1440 ला 15 ने गुणून 36 ने भागावे. यंत्राचे फेरे 600 आले. 60 ने भागता सेकंदाला 10. 360 ने गुणता 3600 अंश. आर्यभटाने 20,000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62,832 सांगितला, म्हणजे एका फेऱ्यात 6.2832 त्रिज्या, दहा फेऱ्यांचे 62.832 रेडियन. 0.18 मीटर त्रिज्येने गुणता कडेचा वेग सेकंदाला सुमारे 11.3 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटरहून थोडा अधिक!

हे आकडे केवळ कागदावरचे नव्हेत. कोणी मोटारीवर 30 सेंटिमीटरची पुली चढविली, तर यंत्राचे फेरे 1200 होतील. फेरे दुप्पट, पण चाकाच्या कडेवरील ताण चौपट; कारण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. बिडाचे चाक अशा वेळी फुटू शकते, आणि जवळ माणूस उभा असतो. चाकावरून हात काढून घेतलेल्या माणसाने त्या जागी ठेवलेला पहारेकरी म्हणजे हे गणित होय. त्याला झोप लागू देणे कोणत्याही गिरणीला परवडणारे नाही.