चेक जमा झाला, पण वटला का?

आजचा एपिसोड एका चेकपासून सुरू होतो. 2024 ची दिवाळी. लातूरच्या माझ्या मावसभावाने जुनं सागवानी टेबल आणि कपाट ऑनलाइन विकायला टाकलं, 40,000 ला. घेणाऱ्याचा चेक आला 58,000 चा. पाठोपाठ फोन. "दादा, चुकून जास्त लिहिलं. वरचे 18,000 टेम्पोवाल्याला यूपीआय करून टाका ना." चेक बँकेत भरला, ॲपमध्ये नोंद दिसली. दादा पिन टाकणार, इतक्यात आमच्या काकांनी विचारलं, "वटला का?"

काकांचं आयुष्य मोंढ्यात, आडत दुकानात गेलंय. आणि 'वटणं' हा शब्द नुसता चेकचा नाही, हुंडीचाही आहे.

निजामाच्या काळात आपल्याकडे हाली सिक्का चालायचा, मुंबईत कलदार रुपया. साधारण 7 हाली म्हणजे 6 कलदार. लातूर-नांदेडचा माल मुंबईला जायचा, पण नाण्यांच्या थैल्या घेऊन कोण फिरणार? म्हणून हुंडी. दर्शनी असेल तर दाखवल्यावर पैसे, मुदती असेल तर ठरलेल्या दिवशी.

मला सगळ्यात भारी वाटली ती शहाजोग हुंडी. हिचे पैसे कुणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शहा'च्या हातूनच ती वटायची. आणि हुंडी खोटी निघाली तर? रिवाज असा, की शहाने रक्कम व्याजासकट परत करायची, नाहीतर ज्याने ती दिली त्याला आणून उभं करायचं. त्यामुळे शहा आधी माणूस पारखायचा, मग कागद घ्यायचा. (आज आपण 'शहाजोगपणा' म्हणजे साळसूदपणाचं सोंग म्हणतो. शब्दाची काय ही गत!) 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषेतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज कायम ठेवले.

पुढे चेक आले. 1941 ची हैदराबाद स्टेट बँक, म्हणजे आपल्या आईबाबांची 'एसबीएच', 2017 मध्ये एसबीआयमध्ये विलीन झाली. बाहेरगावचा चेक तेव्हा पोस्टाने जायचा. 2008 पासून कागदाऐवजी त्याचा फोटो जाऊ लागला. 1 जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे आलं: 50,000 आणि त्यावरच्या चेकचा तपशील देणाऱ्याला बँकेला आधीच कळवता येतो. खाडाखोड त्यात सापडते, पण खात्यात पैसेच नसतील तर चेक परतच येणार. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर स्कॅन होऊन जातात आणि संध्याकाळी 7 पर्यंत समोरच्या बँकेला हो-नाही सांगावं लागतं.

म्हणजे दिवसांची फट तासांवर आली. पण फट आहेच, आणि हा डाव त्या फटीतच चालतो. प्रोग्रामरच्या भाषेत बोलायचं तर चेकची नोंद अजून 'पेंडिंग' असते, यूपीआय मात्र लगेच फायनल. आपल्या पोरांनी अमेरिकेत तर जास्तच जपावं. तिथे 1987 च्या कायद्यामुळे चेकचे पैसे एक-दोन दिवसांत वापरायला मिळतात, खोटेपणा आठवड्यांनीही उघड होतो, आणि बँक वसुली करते ती चेक भरणाऱ्याकडून. शहा तुम्हीच, फक्त समोरचा माणूस पारखायला मोंढा नाही.

दादाने फोनवर सांगितलं, "वटल्यावर बघू." त्यावर समोरून आधी विनवण्या, मग पोलिसांची धमकी. तिसऱ्या दिवशी चेक परत आला आणि तो नंबर बंद. टेबल अजून दादाच्या ओसरीत आहे, कुणाला हवं असेल तर सांगा. चेक नको म्हणतोय.