दोन नवेगावांचं पाणी

नवेगाव बांधच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की आजा माझा हात धरून त्या धारेत घालायचा. हात मागं फेकला जायचा. आजा म्हणायचा, "पोरा, पानी किती हाये ते पाहू नको, किती उभं हाये ते पाह्य."

अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी डोंगरांमध्ये पाळ घातली आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा तलाव झाला. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सातबहिणी. पाळ उभी राहताना त्याच मदतीला धावल्या, असं आजा सांगायचा. कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला. त्याचं ठाणं टेकडीवर आहे.

आजाच्या बोलण्याचा अर्थ मला तोतलाडोहला कळला. पेंच नदीवरचं हे धरण रामटेकच्या जंगलात आहे. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १६० मेगावॅट. उंचावर अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि त्याला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते. रोहित्र तिचा दाब वाढवतं, म्हणजे लांबच्या तारांत ती कमी वाया जाते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, विजेची मागणी एकदम चढते. कोळशाचा थंड पडलेला संच चालू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्यावरचा काही मिनिटांत चालू होतो. म्हणून साऱ्या ग्रीडला त्या घटकेला पाण्याचा आधार मोठा.

वीज देऊनही पाणी आटत नाही. पेंचचं पाणी पुढे नवेगाव खैरीच्या जलाशयात येतं. तिथून कालव्यांनी धानाला जातं, नागपूरकरांची तहानही भागवतं.

आमच्या नवेगावच्या पाण्याला तोतलाडोहाची उंची नाही. ते वीज करत नाही, धान पिकवतं. पण तुडुमातली धार आणि टर्बाइनवरची धार एकाच नियमानं धावते: पाणी जितकं उभं, तितका जोर. आणि दोन्हींच्या आधी कुणीतरी पाणी अडवलेलं असतं.

आजा आता नाही. पाळ आहे. गावकऱ्यांनो, तलावातला गाळ काढा, पाट मोकळे ठेवा. तीन शतकांपूर्वीच्या हातांनी उभं केलेलं पाणी उभं ठेवणं आता आपल्या हाती आहे.