हवेवर जगणारा प्राणी

सरड्याची कीर्ती आपल्या भाषेत फारशी चांगली नाही. त्याची धाव कुंपणापर्यंत, त्याची उपमा शब्द फिरवणाऱ्या माणसाला, आणि पुराणांत तर त्याचे शरीर म्हणजे शिक्षाच! नृग राजाची कथा पुष्कळांनी कीर्तनात ऐकली असेल. राजा मोठा दानशूर. पण एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून परत कळपात आली आणि राजाने नकळत ती दुसऱ्यालाच दान केली. एवढ्या अपराधासाठी तो सरडा होऊन एका कोरड्या विहिरीत पडला. पुढे यादवांची मुले पाणी शोधीत तेथे आली, त्यांना तो प्रचंड सरडा दिसला आणि श्रीकृष्णाने हात लावताच राजाचा उद्धार झाला. महाभारताच्या अनुशासनपर्वात ही कथा आहे, भागवताच्या दशम स्कंधातही आहे. गाय कोणाची यावर तेथे पुष्कळ खल झाला आहे. परंतु इतका काळ त्या कोरड्या विहिरीत सरड्याने खाल्ले काय, असे कोणीच विचारलेले नाही.

हा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण सरड्याच्याच एका चुलत्याविषयी हाच प्रश्न युरोपातील पंडितांना सोळाशे वर्षे पडला होता, आणि त्यांनी त्याचे चुकीचे उत्तर तितकीच वर्षे जिवापाड सांभाळले. त्या चुकीच्या मुळाशी काय होते हे पाहिले, तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातील एका निरुपद्रवी जिवाला वाचवण्याचा मार्गही सापडतो.

हा चुलता म्हणजे सरडगुहिरा. इंग्रजीतील शॅमेलिऑन तो हाच. कुंपणावर मान वरखाली करणारा, गळा लाल करणारा आपला नेहमीचा सरडा वेगळा. सरडगुहिरा त्याहून दुर्मिळ आणि कितीतरी चमत्कारिक. शेपटीसकट लांबी फूटभर किंवा थोडी अधिक. अंग दोन्ही बाजूंनी चेपलेले. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा. पायाची बोटे दोन आणि तीन अशी जुळलेली, म्हणजे प्रत्येक पाऊल एक चिमटाच. शेपटी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली. फांदीला वेढा घालण्यास ती पाचव्या हातासारखी उपयोगी पडते. डोळे तर असे, की एक पुढे पाहत असताना दुसरा खुशाल मागे पाहतो. चालताना तो एक पाऊल उचलतो, पुढे-मागे डुलतो आणि मग कोठे ते टेकतो. वाऱ्याने पान हलावे तशी ही चाल असते. रानात ती त्याला लपवते; रस्ता ओलांडताना मात्र तीच त्याच्या जिवावर उठते.

प्राणिशास्त्रात या भारतीय जातीला नाव मिळाले 1768 साली. लॉरेंटी नावाच्या व्हिएन्नाच्या पंडिताने तिला सिंहलद्वीपाचे नाव दिले. भारतात ती द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागात आढळते. साग, बांबू आणि बोरीबाभळीच्या झुडपांचे कोरडे रान तिला मानवते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1912 साली सी. सी. ट्रेंच यांची या प्राण्यावरील टिपणे प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्याकडच्या अभ्यासालाही शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. तरीसुद्धा गुहिरा विषारी आहे असे मानून त्याला दगडाने ठेचणारे लोक खेड्यापाड्यांतून अजून भेटतात. त्याला विष नाही. फार चिडला तर तो अंग फुगवतो, फुसकारतो, क्वचित चावतो. त्यापुढे त्याची मजल नाही.

आता त्या जुन्या चुकीकडे वळू. ग्रीक भाषेत शॅमेलिऑन या शब्दाचा अर्थ जमिनीवरचा सिंह. अॅरिस्टॉटलने या सिंहाचे वर्णन मोठ्या बारकाईने केले. त्याचे डोळे, त्याची मंद चाल, त्याचे रंग, सारे त्याने टिपले. पण पुढे रोमन कवी ओव्हिड याने हा प्राणी वारा आणि हवा यांवर पोसला जातो असे लिहिले. त्यानंतर प्लिनी याने आपल्या प्रचंड ग्रंथात तो काही खात नाही, पीत नाही, केवळ हवेवर जगतो, असे सांगून टाकले. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात प्लिनीचा अंत झाला. त्याचे वाक्य मात्र मरेना. शेक्सपिअरचा हॅम्लेटसुद्धा बोलता बोलता शॅमेलिऑनच्या या हवेच्या जेवणाचा दाखला देऊन जातो.

कवींना हे शोभून गेले. पण सोळाव्या शतकात पिएर बेलाँ हा फ्रेंच निसर्गज्ञ पूर्वेकडील देशांत हिंडून आला. शॅमेलिऑन माश्या, सुरवंट आणि भुंगेरे खातो असे त्याने सांगितले. एवढेच नव्हे, तर पोट फाडून आत ते किडे पाहिले. दक्षिण फ्रान्समधील पेरेस्क हा विद्वान 1637 साली वारला. ज्या पाळलेल्या शॅमेलिऑनच्या निरीक्षणाशी त्याचे नाव जोडले जाते, तो पाणी पिताना अनेकदा दिसला होता आणि पिठातल्या अळ्या आवडीने खात होता. हा सारा पुरावा 1646 साली टॉमस ब्राऊन या इंग्रज वैद्याने लोकभ्रमांवरील आपल्या ग्रंथात एकत्र मांडला. ज्याला दात आहेत, जठर आहे, एवढी लांब जीभ आहे, तो हवा खाऊन कसा जगेल, हा त्याचा रोकडा युक्तिवाद. मात्र हा प्राणी पुष्कळ दिवस अन्नावाचून राहू शकतो, हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले.

सगळ्या गोष्टीची किल्ली ब्राऊनच्या या कबुलीत आहे. हवेवर जगणारा शॅमेलिऑन निव्वळ कवींच्या कल्पनेतून जन्मला असेल असे वाटत नाही. उष्ण देशातून पेटीत घालून आणलेला, थंड खोलीत ठेवलेला, चारी बाजूंनी माणसांनी घेरलेला प्राणी समोर ठेवलेले अन्न हुंगत नाही, ठेवलेल्या पाण्याकडे पाहत नाही, आणि तरीही आठवड्यामागून आठवडे जिवंत राहतो. पाहणाऱ्याने दुसरा कोणता निष्कर्ष काढावा? ज्याला त्यांनी स्वभाव म्हटले, ते बहुधा आजारपण होते. कैदेत अन्न टाकलेल्या जिवाच्या उपासाला त्यांनी शास्त्राचा नियम करून टाकले!

सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये या प्राण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोरासमोर आल्या. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा भाऊ क्लोद हा वैद्य आणि शरीरशास्त्रज्ञ. त्याने शॅमेलिऑनची चिरफाड करून 1669 साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर तीनच वर्षांनी मादाम्वाझेल द स्क्युदेरी या प्रसिद्ध लेखिकेकडे इजिप्तहून जिवंत शॅमेलिऑन आले. तिने ते घरच्या माणसांसारखे सांभाळले आणि पुढे दोन शॅमेलिऑनांची कथाच लिहिली. एकाने देह उघडून पाहिला, दुसरीने सहवासातून स्वभाव पाहिला. युरोपातील हा वाद रंगण्याच्या साठेक वर्षे आधी आपल्याकडे जहांगीर बादशहाच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याने 1612 च्या सुमारास शॅमेलिऑनचे एक चित्र काढले होते. ते आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. पानांच्या डहाळीवर चिमटे रोवून बसलेला तो हिरवा जीव पाहिला, की चित्रकाराने बराच वेळ न बोलता त्याच्याकडे पाहिले असावे असे वाटते. या प्राण्याच्या बाबतीत न बोलता पाहणे हीच खरी शुश्रूषा होय.

कारण तो ओरडत नाही. त्याची भूक कशी हरपते हे त्याच्या राहणीवरून ओळखावे लागते, आणि आज आपल्याला ते बरेच कळले आहे.

पहिले कारण ऊब. सरडगुहिऱ्याच्या अंगात स्वतःची उष्णता नाही. ती तो सकाळच्या उन्हातून घेतो. अंग तापले नाही तर पोटात गेलेले पचत नाही, आणि जे पचणार नाही ते तो खात नाही. त्याची जीभ म्हणजे एक ताणलेली कमान आहे. आधी ताण साठतो आणि मग जीभ बाणासारखी सुटते, हे डच शास्त्रज्ञांनी 2004 साली दाखवले. त्याच्या जातभाईंवर 2010 साली अमेरिकेत प्रयोग झाले. थंडीत जीभ जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने सुटते, पण तिला परत ओढणारे स्नायू फार मंदावतात असे त्यांत दिसले. म्हणजे गारठ्यात त्याचा नेम चुकत नाही. मंदावते ते सारे त्यानंतरचे काम. उलट आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो. तेव्हा सावली नसलेल्या पेटीत हाच प्राणी काही वेळात मरतो. त्याला ऊन आणि सावली दोन्ही हवीत, आणि कोणते केव्हा घ्यायचे हे त्याचे त्यानेच ठरवायला हवे.

दुसरे कारण पाणी. वाटीतले स्थिर पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानावर थरथरणारा दवाचा किंवा पावसाचा थेंब तो चाटतो. वाटी भरून ठेवणाऱ्या दयाळू माणसाच्या घरी तो तहानेने सुकतो, त्याचे डोळे खोल जातात, आणि तहानलेला सरडगुहिरा अन्नाला तोंड लावत नाही. तिसरे कारण भक्ष्य. हलते तेच त्याच्या लेखी अन्न. मेलेला नाकतोडा त्याच्या दृष्टीने काटकीच. चौथे कारण भय. सतत हाताळणे, काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब, दाराशी बसलेले मांजर, यांतले काहीही त्याची भूक मारायला पुरेसे आहे. त्याचे रंग बदलणे लपण्यासाठीच असते ही आपली समजूतही पूर्ण खरी नाही. त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलून हे रंग उमटतात, असे जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 साली एका मादागास्करी जातीत दाखवले. त्या रंगांत ऊब, राग, भीती हे सारे लिहिलेले असते. दिवसभर काळवंडून बसलेला प्राणी आपली तक्रार अंगावर लिहूनच बसलेला असतो.

याखेरीज पोटातले जंत, तोंडातला दाह आणि उन्हावाचून ठिसूळ झालेली हाडे ही कारणे आहेतच. मात्र एक कारण आजाराचे नव्हे, आणि नेमके तेच दिवाळीच्या सुमारास दिसते. पावसाळा सरताना मादी झाडावरून उतरून मऊ जमीन शोधते, खळगा करते आणि वीस-तीस अंडी पुरून ठेवते. त्याआधी ती खाणे सोडते. अशा मादीला कोणी कुंपणावरून उचलून खोक्यात घातले, तर तिला माती मिळत नाही, अंडी आतच राहतात आणि तिचा जीव जातो. पाहणारा म्हणतो, काहीच खाल्ले नाही म्हणून मेली. तोंड जबरदस्तीने उघडून किडा कोंबणे हा तर उपचार नव्हेच; त्याने जबडा आणि जीभ दोन्ही दुखावतात.

मुक्या जिवाचे मागणे ओळखण्याची एक मोठी शाळा याच मुलखात उभी राहिली. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडियांची सेवा करीत असताना एकदा शिकारी एक मेलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचे जिवंत पिल्लू तिच्या छातीला चिकटून दूध ओढीत होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले. तीच बबली. शिकारीत पोरकी झालेली पिले आणून द्या, त्याबदली धान्य-कपडा घ्या, असा व्यवहार पुढे ठरला आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय वाढत गेले. माडिया पोटासाठी शिकार करीत होते. त्यांना दोष न देता त्यांच्या भुकेची सोय करून पिलांच्या भुकेची सोय झाली, हे मला त्या कामातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

पण अनाथालय वेगळे आणि हौस वेगळी. आपला सरडगुहिरा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे; त्याला पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी या प्राण्याचा इतिहास हेच सांगतो. रोमपासून पॅरिसपर्यंत श्रीमंतांनी, पंडितांनी आणि कवींनी त्याला घरात ठेवून पाहिले आणि फार थोड्यांना तो जेवताना दिसला. बोरीच्या झुडपापाशी अर्धा तास गुपचूप उभ्या राहणाऱ्या गुराख्याच्या पोराला तो सहज दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीत मुले आजोळी येतील, कुंपणे धुंडाळतील, आणि एखाद्याच्या हाती तो डुलणारा हिरवा जीव लागेलही. तो जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. धडधाकट असेल तर जेथे सापडला त्याच झुडपावर, रस्त्यापासून दूरच्या बाजूला, फांदी समोर धरून त्याला आपल्या पायांनी चढू द्यावे. मग चार हात मागे सरून मुलांना गप्प बसवावे. नशीब असेल तर एक माशी येईल, दोन्ही डोळे एकदम पुढे वळतील, आणि ज्या प्रश्नाने सोळाशे वर्षे पंडितांना चकवले त्याचे उत्तर मुलांना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळेल.