शेक्सपिअरचीं फुलें आणि त्यांचे चित्रकार

गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेलें 'हॅम्लेट' नाटक सुशिक्षितांस अपरिचित नाहीं. त्यांत पित्याच्या मृत्यूनें भ्रमिष्ट झालेली ऑफिलिया राजाराणीपुढें येऊन फुलें वांटूं लागते. रोजमेरी स्मरणासाठीं, पॅन्सी चिंतनासाठीं. व्हायोलेट मात्र तिच्यापाशीं नाहीं, कारण पिता वारला तेव्हां तीं सारीं कोमेजलीं. शुद्धीवर असतांना जें बोलतां आलें नाहीं, तें ती फुलांकडून वदविते.

पण हीं फुलें नेमकीं कोणतीं? शेक्सपिअर १६१६ सालीं वारला. वनस्पतींना दुहेरी शास्त्रीय नांवें देण्याची लिनियसची पद्धति १७५३ सालीं रूढ होऊं लागली. नाटकांतील नांवें खेड्यापाड्यांतलीं. त्यांतील कित्येकांचा अर्थ पुढें संदिग्ध झाला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत हें कोडें चित्रकारांपुढें आलें.

केंट परगण्यांतील फॅव्हरशॅमच्या जेन एलिझाबेथ जिरॉड या बाईंनीं १८४५ सालीं शेक्सपिअरच्या फुलांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. शिळाछापामुळें तें साधलें. दगडावर तेलकट खडूनें रेखाटन करावयाचें, त्याचा छाप घ्यावयाचा आणि मग हातानें रंग भरावयाचे. त्या काळीं इंग्लंडांतील विद्यापीठें स्त्रियांस पदवी देत नसत. पुष्पचित्रण मात्र कुलीन स्त्रीस शोभणारें मानलें जाई. त्या वाटेनें अनेक स्त्रियांचा वनस्पतिशास्त्रांत प्रवेश झाला. जिरॉडबाईंनीं चित्राच्या जोडीस नाटकांतील वचन दिलें, म्हणून फूल आणि त्याचा प्रसंग यांची ताटातूट झाली नाहीं.

१८५१ सालीं जॉन एव्हरेट मिले यानें सरे परगण्यांतील हॉग्जमिल नदीच्या कांठीं कित्येक महिने बसून, बुडणाऱ्या ऑफिलियाच्या चित्रासाठीं तेथील झाडी पानापानासह रंगविली. तिच्या मरणाची वार्ता सांगतांना राणी एका लांबट जांभळ्या फुलाचा उल्लेख करते. गुराखी त्यास ग्राम्य नांव देतात आणि कुमारिका त्यासच मेलेल्यांचीं बोटें म्हणतात, असें ती सांगते. तें ऑर्किडच्या जातीचें रानफूल होय, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. त्याच्या जोडकंदांमुळें त्यास ग्राम्य नांवें पडलीं. मिलेनें मात्र पाणथळींत उगवणारें लूसस्ट्राइफ रंगविलें. शिवाय राणीच्या वर्णनांत नसलेलें अफूचें तांबडें फूल त्यानें मृत्यूची खूण म्हणून घातलें.

निसर्गाशीं हें चित्र इतकें इमानी आहे, कीं त्यांतील फुलें आजहि ओळखतां येतात. परंतु वासना आणि मरण हीं दोन्ही ज्या एका फुलाच्या नांवांत कवीनें एकवटलीं, तेंच त्यांतून गळालें. पुढें १८७८ सालीं बिटन गांवचे धर्मोपदेशक आणि जाणते उद्यानप्रेमी हेन्री एलाकोम यांनीं शेक्सपिअरच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहून नांवांची छाननी केली. अशा श्रमांचें मोल येथेंच कळतें. नाटकांतील फूल रेखाटणाऱ्याचा डोळा अचूक असला म्हणजे पुरें होत नाहीं. कवीनें तेंच फूल कां निवडलें, हेंहि त्यास जाणावें लागतें.