बाईचे दात आणि मिसरीची डबी

गटाच्या बैठकीत हिशेब संपला की दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. कुणाच्या हिरड्यांतून रक्त येतं, कुणाचे दात हलतात. त्यावर उत्तर ठरलेलं: "वय झालं," नाहीतर "प्रत्येक लेकरामागं एक दात जातोच." या समजुतींचाच आज जरा इतिहास पाहू.

आपल्या पणज्यांच्या काळी सुवासिनी दात काळे करीत. हिरडा, हिराकस असे जिन्नस कुटून दातवण करायचं आणि दातांना लावायचं. काळे दात म्हणजे सौभाग्य, देखणेपण. निंबाबाभळीची काडी बाया-माणसं दोघंही चावत, रंगवायचं काम मात्र बाईकडंच. पुढं पांढऱ्या दातांची आवड आली आणि दातवण गेलं.

मिसरी मात्र राहिली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची, बोटानं हिरड्यांवर घासायची. बाईनं विडी ओढली तर गाव नावं ठेवतं, पण मिसरीला कुणी तंबाखू म्हणतच नाही. ते आपलं 'दात घासणं'! म्हणून तर ती सासूकडून सुनेकडं बिनबोभाट गेली. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातल्या १०० बायांमागं १७ जणी तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, जवळपास सगळ्या बिनधुराची.

आता वयाचं. हॅराल्ड लो नावाच्या नॉर्वेच्या दंतवैद्यानं १९७० पासून १५ वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे ४८० मजूर तपासले. सगळे पुरुष, बायांचे दात पाहायचं तेव्हा कुणाला सुचलं नसावं. त्यांना दात घासायची सवय नव्हती, दातांचा दवाखाना माहीत नव्हता. तरी १०० पैकी ८ जणांचाच आजार झपाट्यानं वाढला, ८१ जणांचा हळूहळू, आणि ११ जणांच्या हिरड्या सुजलेल्या असूनही आजार पुढं सरकला नाही. वर्षं सगळ्यांचीच सारखी गेली होती. वय दात पाडत नाही. दाताच्या मुळाशी वर्षानुवर्षं साचलेला मळ पाडतो.

बाळंतपणाचंही तसंच. याच लो यांनी सिल्नेस नावाच्या सहकाऱ्यासोबत १९६३ साली दाखवलं की गरोदरपणात हिरड्यांची सूज वाढते आणि बाळंतपणानंतर उतरते. त्या दिवसांत शरीरातल्या बदलांमुळं तोच मळ हिरड्यांना जास्त झोंबतो. पोटातलं बाळ आईच्या दातातला चुना ओढून घेत नाही. उलट देशोदेशीच्या पाहण्यांत हिरड्यांचा जोराचा आजार बायांपेक्षा पुरुषांतच जास्त दिसतो. मग 'बाईची जात' म्हणून दात जातात, हे कुठं टिकतं?

मिसरीनं मात्र घासल्या जागची हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात. आणि गोष्ट दातांवर थांबत नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. तंबाखू वापरणाऱ्यांत बहुतेक मिसरीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मली.

"मिसरीशिवाय पोट साफ होत नाही," असं कितीतरी जणी सांगतात. ती तलफ असते, आणि ती सोडवायला मदत मिळते. १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट लागतो. गटात जी गरोदर असेल, तिला आशाताईंसोबत तपासणीला जाताना हिरड्याही दाखवायला सांगा.