पारावरचा रेडिओ : १९५६ चा एक प्रयोग आणि आपला मराठवाडा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडील शिकल्यासवरल्या मंडळींत एक समजूत फार दृढ होती. खेडे मागासलेले आहे, कारण त्याला माहिती नाही. माहिती पुरविली की ते आपोआप पुढे येईल. ही समजूत केवळ आपल्याच देशात होती असे नव्हे. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील नव्याने उभ्या राहणाऱ्या देशांविषयी पाश्चात्त्य विद्वान जे ग्रंथ लिहीत होते, त्यांतूनही हाच सूर निघत असे. डॅनियल लर्नर यांचा १९५८ चा ग्रंथ आणि विल्बर श्रॅम यांचा १९६४ चा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. म्हणून चावडीवर रेडिओ बसवावा, त्याचा भोंगा पाराकडे वळवावा, म्हणजे ज्ञानाची गंगा गावात आली, असे मानले जाई.

ही समजूत खरी की खोटी, हे मोजून पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या मराठी मुलखातच झाला. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा हवाला दिला, परंतु मराठी घरांत त्याची फारशी वार्ता नाही. आपल्या विद्यार्थ्यांना समाजशास्त्र म्हणजे पाठ करण्याचा विषय वाटतो. गावात जाऊन, माणसांना विचारून, मोजून काही सिद्ध करता येते, हे त्यांना या हकिकतीवरून कळेल, आणि पालकांना त्यात स्वतःचे काही सापडेल.

कॅनडातील शेतकऱ्यांनी १९४१ पासून एक पद्धत चालविली होती. शेजारीपाजारी एका घरी जमत, रेडिओवरचा शेतीविषयक कार्यक्रम एकत्र ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत आणि आपले म्हणणे रेडिओला कळवीत. युनेस्को या संस्थेला वाटले की ही पद्धत निरक्षर शेतकऱ्यांच्या देशात चालते का, ते पाहावे. आकाशवाणीने तयारी दाखविली व पुणे केंद्राची निवड झाली. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतून सुमारे दीडशे खेडी निवडण्यात आली. १९५६ च्या फेब्रुवारीत कार्यक्रम सुरू झाले व एप्रिलमध्ये संपले. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, संध्याकाळी अर्धा तास. एकूण वीस कार्यक्रम.

प्रत्येक गावात वीसएक जणांचे एक मंडळ असे. त्याला अध्यक्ष असे, आणि एक चिटणीस असे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि बोलावयाचे. जे ठरेल, ज्या शंका निघतील, त्या चिटणिसाने लिहून पुण्याला पाठवावयाच्या. त्यांतील काहींची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रेडिओतून येते, या गोष्टीचे त्या काळी गावाला केवढे अप्रूप वाटले असेल! आजवर हा पेटारा एकतर्फी बोलत होता, आता तो ऐकूही लागला. विषय साधे होते, परंतु रोजच्या जगण्यातले होते. शेती, जनावरे, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे.

परंतु खरी विशेष गोष्ट रेडिओत नसून मोजणीत होती. मोजणीचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि तिच्या वतीने ते पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने पाहिले. या गृहस्थाविषयी चार शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. ते मूळचे व्हिएन्नाचे. त्यांचे वडील ओटो न्यूराथ यांनी १९२० च्या दशकात त्या शहरात एक संग्रहालय उभे केले होते. ज्यांना आकडे व मजकूर वाचता येत नाही अशा कामगारांना देशाची आकडेवारी चित्रांच्या साह्याने कशी समजेल, याची एक पद्धतच त्यांनी तयार केली. मुलगा पॉल हिटलरच्या राजवटीत १९३८ साली पकडला गेला आणि दाखाउ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत राहून आला. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने त्याच छावण्यांतील समाजव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. अशा माणसाच्या वाट्याला आपल्या खेड्यांतील मंडळे मोजण्याचे काम आले.

न्यूराथ यांनी काय केले, हे शेतकऱ्याच्या मुलाला चटकन समजेल. नव्या खताचा गुण पाहावयाचा असेल तर आपण सगळ्या रानाला खत घालून चालत नाही. एका वाफ्याला घालतो, एक वाफा तसाच ठेवतो, आणि दोन्हींचे पीक ताडून पाहतो. त्यांनी तीन प्रकारची गावे घेतली. एका प्रकारच्या गावात रेडिओही होता व चर्चामंडळही. दुसऱ्यात रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. तिसऱ्यात दोन्ही नव्हते. कार्यक्रमांपूर्वी या गावांतील माणसांना काही प्रश्न विचारले गेले आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा तेच विचारले.

निष्कर्ष असा निघाला की चर्चामंडळाच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. ज्या गावात नुसता रेडिओ होता, तेथे मात्र फरक थोडाच पडला. जेथे काहीच नव्हते त्या गावांहून ती फारशी पुढे गेली नाहीत. रेडिओ तोच, आवाज तोच, कार्यक्रम तेच. फरक पडला तो बसून बोलण्याने. याहून पुढची गोष्ट म्हणजे मंडळे नुसती ऐकणारी राहिली नाहीत. कोठे विहिरी खणल्या गेल्या, कोठे जातिवंत वळू व विलायती कोंबड्या विकत घेतल्या गेल्या, कोठे बालवाडी निघाली. निर्णय घेणारी एक नवी जागा गावात तयार झाली, अशी नोंद न्यूराथ यांनी केली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला त्यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

माझ्या मते या प्रयोगाची खरी शिकवण अहवालाच्या दुसऱ्या अंगात आहे, आणि तिच्याकडे उत्साहाच्या भरात दुर्लक्ष झाले. मंडळात कोण बसत होते? मुख्यतः पुरुष, आणि मुख्यतः शेतकरी. बायका जवळजवळ नव्हत्याच. वळू घेण्याचा सल्ला ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याच्या उपयोगाचा. विहिरीचा सल्ला ज्याची जमीन आहे त्याच्या कामाचा. जो दुसऱ्याच्या बांधावर राबून दिवस मावळता घरी येतो, त्याने पारावर येऊन काय ऐकावे व त्यातले काय करावे? चर्चेने ज्ञान रुजते हे सिद्ध झाले खरे, पण त्या चर्चेपर्यंत पोचण्यासाठी संध्याकाळ मोकळी असावी लागते आणि ऐकलेले करून पाहण्याची काही ऐपत असावी लागते, हेही त्याबरोबरच दिसून आले.

याच सुमारास याच भागात शाळेविषयी असेच एक काम झाले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी १९५५ साली प्रसिद्ध केली. मुले शाळेत येतात किती हे मोजून ते थांबले नाहीत. शाळा सोडून गेलेल्यांना पुढे वाचता येते का, हेही त्यांनी तपासले. चौथीपर्यंत टिकलेल्यांची अक्षरे बहुतांशी टिकली. आधीच शाळा सुटलेल्यांची मोठ्या प्रमाणात पुसली गेली. मूल मध्येच शाळेतून निघते ते बहुधा कामासाठी, आणि ते काम नेहमी मजुरीचेच असते असे नाही. धाकट्या भावंडाला सांभाळणे हेही कामच आहे.

आता आपल्याकडे वळू. पुण्याचे मंडळ संध्याकाळी रेडिओ ऐकत होते, त्या वेळी परभणी जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच. तो हैदराबाद राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपून अवघी साडेसात वर्षे झाली होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात साक्षरता शेकडा नऊच्या आसपास होती, तर मुंबई राज्यात ती शेकडा चोवीसच्या वर होती. निजाम सरकारचा रेडिओ १९३५ पासून होता व औरंगाबादलाही त्याचे एक केंद्र होते. पण रेडिओचा पेटारा मोजक्या वाड्यांत. सरकारी व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, घरची व शेताची भाषा बहुतेकांची मराठी, आणि आपल्यासारख्या काही घरांत दोन्ही. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचे मोठे धाडस केले, ते कौतुकास्पदच होय. परंतु जिंतूर किंवा गंगाखेडच्या शेतमजुरापर्यंत त्याची पायरी पोचत नव्हती, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

१९५९ पासून ग्रामीण रेडिओ मंडळांची योजना देशभर लागू झाली. पुढे घानासारख्या देशानेही हा प्रयोग करून पाहिला. आपल्याकडे परभणीला १९५६ साली कृषी महाविद्यालय निघाले, १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आकाशवाणीचे केंद्र आले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. सांगणारे तज्ज्ञ आले आणि सांगण्याचे साधनही आले. आणि नेमका त्याच वर्षी पाऊस गेला.

१९७२ च्या दुष्काळाविषयी घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पुस्तकात नाही इतके ते सांगतील. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. कामावर सुकडी वाटली जाई. स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. ज्या बाईचे नाव कधी कोणत्या मंडळाच्या यादीत आले नव्हते, तिचे नाव मस्टरवर आले, आणि हाती स्वतःची मजुरी आली.

या अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्याने मिळाला. अभ्यासक पुन्हा गावात गेले. कुमुदिनी दांडेकर यांनी या योजनेकडे स्त्रियांच्या रोजगाराच्या दृष्टीने पाहिले व त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर लहान मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती, हे मुद्दाम सांगतो. कारण पाळणाघर नसेल तर ते काम थोरल्या मुलीकडे येते, आणि मग तिची शाळा गेलीच म्हणून समजावे.

या दोन धाग्यांची गाठ आणखी एका प्रयोगात पडलेली दिसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरदर्शन दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण निजामाच्या राज्यात आपल्याबरोबर असलेले गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे होते. काही संशोधक तर महिनोन्महिने खेड्यांत राहून टिपणे काढीत होते. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. निरक्षरांनी व स्त्रियांनी कार्यक्रमांतून शिकलेल्यांपेक्षा अधिक मिळविले. याचा अर्थ, त्यांच्यात कुवत होतीच, तिथवर आजवर कोणी पोचले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की शाळेत दूरदर्शन आल्याने मुलांची गळती काही थांबली नाही. चित्रे कितीही सुंदर असली तरी शेळ्या राखावयाच्या असतात, आणि त्यांना कोणी तरी न्यावेच लागते.

आपल्या जिल्ह्यात आज बहुतेक घरांत मोबाईल आहे. माहितीचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडील कित्येक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी निघाली की मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. हंगामी वसतिगृहांची सोय त्यासाठीच काढण्यात आली. ती सोय गावाला आहे का, कोणाला मिळते, अर्ज केव्हा करावयाचा, हे मोबाईलवर सहज सापडते. पण घरातले चार जण आणि गुरुजी एकत्र बसून बोलल्याशिवाय आजीपाशी मूल ठेवण्याचा निर्णय होत नाही.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अल्पसंख्याक शाळांत तिचे काम सल्ल्यापुरते आहे. पुण्याच्या चर्चामंडळाचीच ही नात म्हणावयास हरकत नाही, आणि आजीला जे साधले नव्हते ते कायद्याने नातीला दिले, बायकांची निम्मी जागा. एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५६ साली कार्यक्रमाची वेळ ठरविताना शेतावरून परतणाऱ्या माणसाचा विचार करून संध्याकाळ निवडली होती. पालकांच्या सभा पुष्कळ ठिकाणी सकाळी अकराला भरतात, आणि त्या वेळी मजूर आईची हजेरी मुकादमाच्या वहीत लागलेली असते.