दुकान उघडं ठेवणारे नाना

परवा रविवारी भगूरला जाऊन आलो. सावरकरांचा वाडा पाहिला आणि घरातला एक जुना वाद आठवला.

माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, कट्टर सावरकरभक्त. आईचे वडील, आमचे नाना, सेवादलवाले. नानांचं नाशकात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. २६ फेब्रुवारी १९६६, शनिवार. सावरकर गेल्याची बातमी आली तशा शेजारच्या दुकानांना फळ्या लागल्या. नानांनी मात्र दुकान उघडं ठेवलं. आजोबांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. पुढे दोघे व्याही झाले, पण आजोबा ते दुकान विसरले नाहीत!

नानांचं म्हणणं साधं होतं. गांधीहत्येच्या खटल्यातून १९४९ मध्ये सावरकर निर्दोष सुटले, हे त्यांना मान्य. पण मन काही मानत नव्हतं. (पुढे १९६९ मध्ये कपूर आयोगाने तोच संशय पुन्हा पुढे आणला. तोवर उत्तर द्यायला सावरकर नव्हते.) आजोबा म्हणायचे, पन्नास वर्षांची शिक्षा डोक्यावर घेऊन अंदमानात कोलू फिरवलेल्या माणसाला तुम्ही काय तोलणार? मग नाना दयेचे अर्ज काढायचे. आजोबा रत्नागिरीचं, सर्व जातींना खुलं असलेलं, १९३१ चं पतितपावन मंदिर काढायचे. चहा गार व्हायचा.

गंमत पुढेच आहे. कॉलेजात असताना सावरकरांच्या मृत्युपत्राबद्दल वाचलं. १ फेब्रुवारीपासून औषध, अन्न, पाणी सोडून त्यांनी मरण स्वतःच ठरवलं, तशी नंतरची व्यवस्थाही ठरवून ठेवली होती. दहन विद्युतदाहिनीत करा, पिंडदान, काकस्पर्श नको. आणि माझ्यासाठी हरताळ पाळू नका, लोकांची गैरसोय होते, दुकानं बंद ठेवू नका.

म्हणजे त्या दिवशी अख्ख्या गल्लीत सावरकरांचं ऐकलं कुणी? नानांनी!

मी धावत जाऊन आजोबांना हे सांगितलं. वाटलं, आता जिंकलो. आजोबा शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं रे. पण आपलं माणूस गेल्यावर घास उतरतो का?"

नानांना सांगितलं तर तेही हसले नाहीत. "मी त्यांचं ऐकून नव्हतं उघडं ठेवलं," म्हणाले. "रागाने ठेवलं होतं. राग करायलाही दुसरा दिवस चालला असता."

आज दोघेही नाहीत. एखादा वादग्रस्त नेता गेला की मोबाईलवर तासाभरात दोन तट पडतात, एकात फक्त फुलं, दुसऱ्यात फक्त दगड. मीही टाईप करायला घेतो. मग नानांचं वाक्य आठवतं आणि फोन खाली ठेवतो. जे म्हणायचं ते म्हणायचंच, पण दुसऱ्या दिवशी.

असो.